पेटीपुढे बसलेला वाचक

नियतकालिकाच्या दुसऱ्या पानावर संपादक, मांडणी, मुद्रक अशी नावे छापलेली असतात. आमच्या संगीत त्रैमासिकाला ज्यांनी रूप दिले त्यांच्यापैकी कुणाचेही नाव तिथे नाही. मिरजेतल्या माझ्या गाण्याच्या मास्तरांनी ते घालू दिले नाही, तंबोरे घडवणाऱ्या चाचांनी विषय हसण्यावारी नेला आणि छापखान्यातल्या ताई म्हणाल्या, ‘मी माझं काम केलं, नाव कशाला?’ त्यांच्या इच्छेला मान देऊन इथेही मी नावे लिहीत नाही. पण अंक हातात घेणाऱ्याला तो असा का आहे आणि कुणामुळे आहे, हे कळायला हवे.

कल्पना पुण्यातली. शास्त्रीय संगीताला वाहिलेले एक मराठी त्रैमासिक काढावे, असे आम्हा काही मित्रमैत्रिणींच्या मनात होते. बैठका झाल्या, मुखपृष्ठांचे नमुने झाले, मुलाखतींच्या याद्या झाल्या. वाचक म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मैफलीतला जाणकार श्रोता होता, आणि ते स्वाभाविकच होते. 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने पुण्याला पिढ्यान्‌पिढ्या असा श्रोता दिला आहे. मी मात्र गाणे शिकले मिरजेत, त्यामुळे आराखडा मास्तरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते.

मास्तरांचा क्लास एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरतो. सांगली, जयसिंगपूर, तासगाव, कवठेमहांकाळ इथून एसटीने मुले येतात. बहुतेक मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि चिकाटी टिकली तर विशारद. मास्तरांनी आमचा आराखडा शांतपणे वाचला. पहिला प्रश्न विचारला तो मुखपृष्ठाचा नव्हता, वर्गणीचाही नव्हता.

‘अगं, हा अंक वाचणारा माणूस बसलाय कुठे?’

मी म्हटले, ‘म्हणजे, मास्तर?’

‘खुर्चीत बसला असेल तर त्याचे हात रिकामे आहेत. माझ्या पोरांचे हात रिकामे नसतात. सवाईला बसणाऱ्याला वाचायला बरंच काही आहे. तासगावच्या पोरीला गाईडशिवाय काय आहे, ते सांग.’

आमच्या त्रैमासिकाचा वाचक त्या दुपारी ठरला. जमिनीवर मांडी घालून बसलेला, डाव्या हाताने भाता ओढणारा, उजवा हात पट्ट्यांवर असलेला, समोर हातभर अंतरावर अंक उघडा ठेवलेला.

मास्तरांना हे सुचावे यात मिरजेचाही वाटा आहे. फटाक्याने डोळ्यांना इजा झालेला कुरुंदवाडचा मुलगा उपचारांसाठी इथे आला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला आणि पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर म्हणून देशभर ओळखला गेला. त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वतःची स्वरलिपी बसवली, पाठ्यपुस्तके छापली, नियतकालिकही चालवले. गाणे गुरूच्या घरातून मध्यमवर्गीय घरात न्यायचे तर गायकाइतकीच कागदाचीही गरज आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले. 21 ऑगस्ट 1931 रोजी त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच. त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाचे ‘संगीत कला विहार’ 1947 पासून निघू लागले. प्रा. बी. आर. देवधर त्याचे संपादक होते, आणि त्यांनी लिहिलेली गायक-वादकांची चरित्रे पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आली. मास्तरांच्या ट्रंकेत त्या मासिकाचे जुने अंक सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. ‘यातला एकेक लेख वाचून मला कळलं की उस्ताद हा आपल्यासारखाच माणूस असतो, त्यालाही ताप येतो, त्याचंही घरभाडं थकतं,’ ते म्हणाले. परीक्षेसाठी पोरे चार ओळींचे चरित्र पाठ करतात. म्हणून प्रत्येक अंकात एक तरी चरित्र सविस्तर द्यायचे, हा आमच्या आराखड्यातला मुद्दा त्यांना मनापासून आवडला. त्यात त्यांनी एकच भर घातली: अंक परीक्षेच्या सत्राआधी महिनाभर मुलांच्या हाती पडला पाहिजे.

मग प्रश्न आला अंकात स्वरलेखनासह छापायच्या बंदिशींच्या पानांचा, आणि इथे ताईंचे ऋण सुरू होते.

भातखंडे पद्धतीत स्वरलेखन करायचे म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. हाताने लिहिताना यात काही अवघड नाही. छापताना मात्र देवनागरीच्या स्वतःच्या मात्रा, अनुस्वार आणि नुक्ते त्याच जागेवर हक्क सांगतात. खालचे टिंब नुक्त्याने भागवले तर ते इतके बारीक उमटते की हलक्या कागदावर नाहीसेच होते. एक टिंब गेले की स्वर एका सप्तकाने वर चढतो. मध्यमावरची रेघ पुसट झाली तर यमन शिकणारा मुलगा शुद्ध मध्यम घोकत बसतो, आणि चुकतोय हे सांगायला शेजारी कुणी नसते.

ताईंना गाण्यातले काही कळत नव्हते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. त्यामुळे त्या प्रत्येक गोष्ट विचारत. हे टिंब खाली का? ही रेघ सुटली तर काय होईल? काय होईल ते कळल्यावर त्यांनी तयार फॉन्टवर भिस्त ठेवली नाही. प्रत्येक खूण वेगळी काढली, अक्षरापासून थोडी दूर ठेवली, रेघ जाड केली. तीनतालाच्या 16 मात्रांसाठी 16 रकाने आखले, चार-चार मात्रांनंतर बारीक उभी रेषा दिली आणि समेचा रकाना फिकट करडा केला. डेमी आकारात हे 16 रकाने मावेनात, शब्द एकमेकांवर चढत. म्हणून क्राऊन पाव आकार घेतला. आकार मोठा झाल्याने कागदाचा खर्च वाढला आणि त्यावरून पुण्यात बरीच वादावादी झाली. त्या वादात मी ताईंच्या बाजूने उभी राहिले याचे मला आजही समाधान आहे.

अक्षराचा आकार मात्र संगणकासमोर ठरला नाही. ताईंनी एकच बंदिश 12, 14 आणि 18 पॉइंटांत छापून दिली. मास्तरांनी संध्याकाळच्या तुकडीत ती पाने तीन पेट्यांपुढे जमिनीवर ठेवली. माडीवर एकच ट्यूब, तीही भिंतीच्या टोकाला. मध्यमेची एक मुलगी 12 पॉइंटांपुढे बसली आणि दुसऱ्याच ओळीला पुढे वाकली. वाकल्याबरोबर भात्यावरचा हात सैल पडला, सूर पडला. 14 वर तिने डोळे बारीक केले. 18 वर ती ताठ बसून अंतऱ्यापर्यंत गेली. अंतरा मात्र मागच्या पानावर होता, म्हणून पान उलटायला तिने हात उचलला आणि पेटी बंद पडली. मास्तर माझ्याकडे वळले. ‘बघितलंस? पान उलटलं की भाता थांबतो.’

त्यातून दोन नियम निघाले आणि ते आजवर मोडलेले नाहीत. बंदिश नेहमी समोरासमोरच्या दोन पानांवर, डावीकडे स्थायी, उजवीकडे अंतरा. आणि बांधणी सेंटर पिनची. गोंदाने चिकटवलेली परफेक्ट बाइंडिंगची पाठ दिसते छान, पण अंक जमिनीवर ठेवला की मिटतो. त्या दोन पानांवर जाहिरात घ्यायची नाही, हाही मास्तरांचाच आग्रह. एका जाहिरातदाराला नेमकी तीच जागा हवी होती. त्याला आम्ही नकार दिला.

छायाचित्रांची दृष्टी आम्हाला दिली ती चाचांनी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांचे दुकान आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ही कारागिरी; 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे पंढरपूरच्या बाजूने, भीमेकाठच्या शेतांतून येतात. त्यांच्यावर तबली बसते, दांडी जोडली जाते, खुंट्या लागतात, पण तंबोरा बोलतो तो जवारी लागल्यावर. चाचा घोडीवर कानस फिरवतात, थांबतात, तार छेडतात, कान लावतात, पुन्हा फिरवतात. शेवटी तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतात. एका जागी आवाज एकदम उमलतो. त्या जागेच्या अलीकडे तार नुसती टणटणते, पलीकडे बसकी वाजते.

हे सारे टिपायला आम्ही छायाचित्रकार घेऊन गेलो, तेव्हा तो नेहमीप्रमाणे चाचांच्या समोर उभा राहिला. चाचांनी हात थांबवला. ‘बेटी, माझं तोंड बघून कुणाला सूत लावता येणार नाही. याला माझ्या मागं उभं कर.’ छायाचित्रकार मागे गेला, खांद्यावरून खाली कॅमेरा धरला, आणि चित्रात आले ते वाजवणाऱ्याला स्वतःला दिसतात तसे हात. त्या दिवसापासून आमच्या अंकातली हातांची छायाचित्रे अशीच असतात, तबल्याची असोत की सतारीची. मुलाला ते हात आपलेच वाटतात, डावे-उजवे उलटे करून बघावे लागत नाही. एरवी घरोघरी आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचे ॲप असते, आणि त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. पण कोपऱ्यात गवसणीत पडून राहिलेला आजीचा तंबोरा त्या पानामुळे कुणी बाहेर काढला, सूत लावून पाहिले, असे पत्र आले की ते मी आवर्जून चाचांना वाचून दाखवते.

सगळ्यांत मोठे ऋण राहिले आहे ते मास्तरांच्या वहीचे. स्वरलेखन कितीही निर्दोष छापले तरी भूप आणि देशकार कागदावर सारखेच दिसतात. तेच पाच स्वर, सा रे ग प ध. एक गंधारावर उभा, दुसरा धैवतावर, आणि चालही वेगळी. हा फरक रकान्यात कसा मांडायचा, हे आमच्यापैकी कुणालाच सुचत नव्हते. मास्तरांनी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब चोपडी काढली. त्यांच्या गुरुजींकडून घेतलेल्या बंदिशी तीत निळ्या शाईने उतरवलेल्या, कोमल स्वर लाल शाईने. आणि समासात, पेन्सिलीने, वर्षानुवर्षे घातलेल्या नोंदी: ‘इथे श्वास’, ‘गंधारावर घाई नको’, ‘गुरुजी हे दर वेळी वेगळे घेत’. एका झपतालातल्या बंदिशीपुढे तर नुसते ‘आज जमले’ एवढेच लिहिलेले होते.

ताईंनी ती वही पाहिली आणि पानाचा बाहेरचा समास चांगला दोन बोटे रुंद केला. त्यात वरच्या अर्ध्या भागात आम्ही गुरूची नोंद छापतो, खालचा भाग मुलांनी पेन्सिलीने लिहायला कोरा ठेवतो. जागा वाया जाते, असे म्हणणारे आमच्यातच अजून आहेत. मला ती अंकातली सर्वांत मोलाची जागा वाटते. पहिल्या अंकातली बंदिश त्याच चोपडीतली होती. तिच्याखाली मास्तरांच्या गुरुजींचे नाव आहे. स्वतःचे मास्तरांनी खोडून टाकले.

अशा चोपड्या महाराष्ट्रात आणि गोव्यात शेकडो घरांच्या माळ्यांवर पडून असतील. क्लास चालवणारे गुरुजी गेले, मुले परगावी, आणि वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात. वाचकांना माझी विनंती आहे, तुमच्या घरी अशी वही असेल तर ती देऊन टाकू नका. प्रत्येक पानाचे, समासासकट, स्वच्छ उजेडात छायाचित्र काढा. बंदिश कुणाकडून आली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि छापायची परवानगी असेल तर आम्हाला पाठवा. मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या.