गुडघा टेकून मारलेला फोरहँड

मीनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, त्या कर्बरचं एवढं काय कौतुक? ती नुसते बॉल परत टाकायची. स्टेफीची सर तिला कुठून येणार?" तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले आणि बोलणं राहिलं. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहायला बसले.

स्टेफीची सर नाही, हे मला मान्य आहे. बावीस ग्रँडस्लॅम कुठे आणि तीन कुठे! पण जर्मनीत जन्मून हातात रॅकेट धरणाऱ्या मुलीच्या वाट्याला ही तुलना आपसूकच येते, त्यात तिचा काय दोष? १९८८ साली स्टेफीने चारही ग्रँडस्लॅम आणि वर ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं. अँजेलिक कर्बरचा जन्म त्याच वर्षीच्या जानेवारीतला, ब्रेमेनचा. वाढली कीलमध्ये. आईवडील पोलिश, आणि तिच्या आजोळचं पोलंडमधलं टेनिस केंद्र हे तिचं सरावाचं दुसरं घर. स्टेफी एकोणीस वर्षांची असताना जग जिंकून मोकळी झाली होती. अँजी तेवीस वर्षांची झाली तरी जगात ९२ वी होती आणि ग्रँडस्लॅमला पहिल्याच फेरीत हरून घरी परतत होती. २०११ च्या विम्बल्डननंतर खेळ सोडून द्यावा, असंही तिच्या मनात आलं होतं. त्याच वर्षी अमेरिकन ओपनला ती थेट उपांत्य फेरीत गेली आणि मग लोकांना तिचं नाव कळलं.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. तिची सर्व्हिस लंगडी होती, विशेषतः दुसरी. समोरचीने तिच्यावर तुटून पडावं अशीच. मूळची उजव्या हाताची, लिहिते उजव्या हाताने आणि खेळायची डाव्याने. सेरेनासारखी सर्व्हिस नाही, स्टेफीसारखा फोरहँड नाही, देवाने हातात दिलेलं असं एकही हत्यार नाही. होते ते पाय. आणि तो एक फटका, मीनू, तो तू नीट पाहिलेला नाहीस याची मला खात्री आहे. चेंडू खोल आणि वेगात येतो. बहुतेक जणी अशा वेळी दोन पावलं मागे सरतात. ही बेसलाइन सोडत नाही. सरळ खाली बसते, गुडघा जमिनीला टेकल्यासारखा होतो, आणि टप्पा पडून वर येणारा चेंडू तिथल्या तिथे उचलून रेषेलगत सोडते. ताकद समोरचीची, दिशा हिची. ज्याला तू 'परत टाकणं' म्हणतेस ते हेच. मांड्यांत केवढं बळ असेल, आणि तिसऱ्या सेटलाही असं बसून पुन्हा उठून धावायला काय दम लागत असेल, याचा विचार कर.

पण हा फटका तर तिच्याकडे आधीपासूनच होता. तो ऐन मोक्याला मारायची हिंमत उशिरा आली, आणि मला ती याचसाठी आवडते. २०१५ च्या सुरुवातीला ती लास व्हेगासला स्टेफीकडे जाऊन तिच्याबरोबर सराव करून आली. नंतर चार्ल्स्टन आणि स्टुटगार्ट लागोपाठ जिंकली. त्याच वर्षअखेरीला सिंगापूरच्या स्पर्धेत, गटातल्या शेवटच्या सामन्यात, तिला उपांत्य फेरीसाठी नुसता एक सेट पुरणार होता. एकच सेट! तोही सफारोव्हाने तिला दिला नाही. हरण्याच्या भीतीनेच ती हरली होती, आणि हे तिचं तिलाही कळलं होतं.

तीन महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपन. पहिल्याच फेरीत जपानच्या मिसाकी दोईने तिला मॅच पॉइंटपर्यंत नेलं. तो वाचला. पुढे अझारेन्का, जिच्याशी सहा वेळा खेळून ही सहाही वेळा हरलेली. दुसऱ्या सेटमध्ये २-५ मागे असताना हिने तो सेट ७-५ असा ओढून आणला. अंतिम फेरीत सेरेना, आणि सेरेनाला स्टेफीच्या बावीस विजेतेपदांची बरोबरी करायला एवढा एकच सामना हवा होता. पहिल्या सेटमध्ये सेरेनाकडून तेवीस चुका झाल्या, अँजीकडून तीन. सेरेनाचा दिवस वाईट होता, असं तू म्हणशील. पण जिथे फटका संपायला हवा तिथून चेंडू पुन्हा पुन्हा परत येतो, तेव्हा माणूस रेषेच्या आणखी जवळ मारायला जातो आणि चुकतो. त्या चुका अँजीने करायला लावल्या होत्या. तिसऱ्या सेटचा सहावा गेम तर किती वेळ चालला! त्यात नेटमागे अलगद टाकलेले ड्रॉप शॉट, तेही सेरेनासमोर. सिंगापूरला घाबरलेली ती हीच का, असं वाटावं. मग ५-३ ला विजयासाठी सर्व्हिस करताना ती गमावलीही, आणि लगेच सेरेनाची सर्व्हिस भेदून ६-४, ३-६, ६-४. जिंकले तर यारा नदीत उडी मारेन, असं ती बोलून बसली होती. दुसऱ्या दिवशी मारलीही.

२०१६ च्या उरलेल्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. विम्बल्डनला सेरेनाने परतफेड केली, रिओत पुइगने ऑलिंपिकचं सुवर्ण नेलं, आणि न्यूयॉर्कला प्लिस्कोव्हाविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये १-३ अशी मागे पडूनही हिने अमेरिकन ओपन घेतलं. अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा जगात अव्वल. इतक्या उशिरा पहिल्यांदा तिथे पोचलेली बाई तोवर कोणी नव्हती.

२०१७ मात्र मला बघवलं नाही. अव्वल मानांकन असताना फ्रेंच ओपनला पहिल्याच फेरीत बाहेर. अमेरिकन ओपनची गतविजेती म्हणून गेली आणि ओसाकाने पहिल्याच फेरीत ६-३, ६-१ असं उडवलं. वर्षभरात एकही स्पर्धा जिंकली नाही. सगळे म्हणाले, संपली. आणि पुढच्याच जुलैत विम्बल्डनची अंतिम फेरी, समोर लेकीच्या जन्मानंतर दहा महिन्यांनी तिथवर पोचलेली सेरेना, निकाल ६-३, ६-३. स्टेफीच्या १९९६ च्या विजयानंतर प्रथमच जर्मन बाईच्या हाती ती तबकडी आली. सेरेनाला ग्रँडस्लॅमच्या दोन अंतिम फेऱ्यांत हरवणं ही गंमत आहे का, सांग बरं!

फ्रेंच ओपन तेवढं तिला कधी मिळालं नाही. रोलाँ गॅरोच्या मातीच्या कोर्टवर उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे ती गेलीच नाही. २०२३ मध्ये मुलगी झाली, २०२४ च्या मोसमाच्या सुरुवातीला ती पुन्हा कोर्टवर आली, आणि पॅरिस ऑलिंपिक सुरू व्हायच्या तोंडावर जाहीर केलं की ही शेवटची स्पर्धा. ती नेमकी त्याच रोलाँ गॅरोच्या मातीवर! पहिल्या फेरीत ओसाकाला हरवलं, मग आणखी दोघींना. उपांत्यपूर्व फेरीत चीनची झेंग चिनवेन, जी पुढे सुवर्ण जिंकली. तीन तासांहून जास्त चाललेला सामना, आणि तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये ८-६ अशी हार. छत्तिसाव्या वर्षी, निवृत्तीच्या सामन्यातसुद्धा ती खाली बसून तसेच चेंडू उचलत होती. कौतुक करू नको तर काय करू?

ऑस्ट्रेलियन ओपनच्या त्या फायनलचा तिसरा सेट शोध आणि पूर्ण बघ. सहावा गेम बघताना मधे उठू नकोस. मग भांडायला फोन कर, रविवारी दुपारी मी मोकळी असते.

भावजींना नमस्कार, मुलांना गोड पापा. आईच्या गुडघ्याला आता बरंच बरं आहे, तिला पत्र आवडतं, दोन ओळी तिलाही लिही.

तुझी,
ताई