रुमालाखालचं डोकं

लातूरला केसरोपण करून घेतलं. लावलेले केस काही आठवड्यांतच गळाले. ते गळतातच, मुळं आत शाबूत राहतात. मग उन्हाळा लागला आणि त्याच जागी पुटकुळ्या उठल्या, काही पांढऱ्या तोंडाच्या. डॉक्टर म्हणाले, नवा केस वर येताना त्वचेखाली अडला की असं होतं. कोमट पाण्याचा शेक द्या, फोडू नका, वाढल्या किंवा दुखल्या तर दाखवा. फोडू नका म्हणणं सोपं. बोट आपसूक तिकडेच जातं.

काल नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. आत जायचं तर डोकं झाकावं लागतं. रुमालाची गाठ आवळली तशा पुटकुळ्या झोंबल्या. समोर छातीभर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा बसलेले. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच गावात देह ठेवला; केसांना कात्री न लावणं हा त्यांच्या खालशाचा नेम. आणि मी मागचे केस एकेक काढून पुढं लावून घेतलेला! लाज नाही वाटली, हसू मात्र आलं.

मागचा केस पुढं रुजवला तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइकनं १९५९ साली मांडलं. मीही लातूरचा, नोकरीनं नांदेडात लावलेला. स्वभावाचं काय झालं, बायकोला विचारायला हवं.

बाहेर पडताना टोपी घालावी की डोक्याला हवा लागू द्यावी, तेवढं डॉक्टरांना विचारायचं राहिलंय.