घरचे पान

बडोद्यात आहारतज्ज्ञ म्हणून माझी ३० वर्षे गेली. वरणभातावर लिंबू का पिळावे, जेवणानंतर लगेच चहा का घेऊ नये, हे सांगताना जीभ कधी अडखळली नाही. लिंबाने डाळीतील लोह अंगी लागते. चहाने ते अडते. गतवर्षी आहारतज्ज्ञांच्या उजळणी वर्गास गेले, ती केवळ उपचार म्हणून. विषय होता शाकाहार. वक्त्या सांगत होत्या, "१९४८ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळे केलेले बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूधदह्यातूनच येते. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो. म्हणून उणीव उशिरा कळते. हातापायांना मुंग्या येतात."

मला सासूबाई आठवल्या. कफ होतो म्हणून त्यांनी दूधदही सोडले, त्याला सहा वर्षे झाली होती. "अगं, पायांना मुंग्या येतात," असे त्या म्हणत आणि मी "आई, वय झालं आता," असे म्हणून समजूत काढी.

रक्त तपासले, इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या ओसरल्या, तळव्यांची बधिरता मात्र थोडी उरलीच. हे सारे मी पदवीच्या वेळीच शिकले होते. घरच्या पानाकडे तेवढे पाहिले नव्हते.