टाकी रिकामी झाली म्हणून मनोरा टाकाऊ नव्हे

कोल्हापूरला येणारा आपला माणूस बिंदू चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतो, माणगावला जाऊन 1920 च्या परिषदेची भूमी पाहतो आणि परततो. कोटितीर्थ तलावाजवळची शाहू मिल मात्र त्याच्या वाटेत येत नाही. ती आवर्जून पाहावी.

27 सप्टेंबर 1906 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी या सूतगिरणीची पायाभरणी केली. शेतीवर जगणाऱ्या संस्थानात कारखाना उभा राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या चुली त्यावर पेटल्या. 2003 साली गिरणी बंद पडली. महाराजांचे स्मारक या जागेवर व्हावे, ही मागणी जुनी आहे. 2022 साली स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात येथे कार्यक्रमही झाले. प्रश्न असा की, स्मारक करायचे म्हणजे जुने पाडायचे की जुने वापरायचे?

सूतगिरणीला पाणी फार लागते. बॉयलरला लागते, हवेत ओलावा राहून धागा तुटू नये म्हणून लागते, आग विझवायला लागते. म्हणून देशोदेशीच्या कारखान्यांत उंच टाक्या असत. कारखाना बंद पडला की टाकी रिकामी होते आणि भंगारवाला हिशेब मांडू लागतो. आपणही जरा हिशेब मांडू. एक लाख लिटर पाण्याचे वजन शंभर टन. एवढे ओझे वर्षानुवर्षे पेललेल्या बांधकामात पाणी उतरल्यावर माणसांसाठी मजले बसवता येतात का, हे आधी तपासायला हवे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ अशाच एका मनोऱ्याच्या खांबांमध्ये 2006 साली विद्यार्थ्यांच्या खोल्या झाल्या. व्हिएन्ना शहरात गॅस साठवण्याच्या चार प्रचंड टाक्यांच्या विटांच्या भिंती राखून आत घरे झाली. तिथे 2001 पासून लोक राहतात.

यात विजेची बचत कशी? विटा भाजायला आणि सिमेंट करायला कोळसा जळतो. जुन्या भिंतीसाठी तो जळून चुकला आहे. ती पाडली की तो वाया गेला, वर नव्या भिंतीसाठी पुन्हा जाळायचा. जाड भिंत उशिरा तापते, त्यामुळे दुपारी आत गारवा राहतो. मनोरा उंच असल्याने वरची खिडकी उघडली की गरम हवा वर निघून जाते आणि खालून थंड हवा आत येते. पंखा कमी लागतो. वरचे छप्पर आणि पश्चिमेची भिंत तेवढी उन्हापासून जपावी लागते. जुन्या गिरण्यांच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतही हेच शहाणपण आहे. काचा उत्तरेकडे ठेवायच्या, म्हणजे प्रकाश येतो, पण ऊन येत नाही.

मात्र भाबडेपणा नको. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप या भागाने अनुभवला आहे. गंजलेली सळई, भेगाळलेला खांब अभियंत्याने तपासल्याशिवाय एक वीटही चढवू नये. खर्च नव्या इमारतीपेक्षा जास्त येत असेल तर तसे उघड सांगावे. जिना अरुंद असेल तर म्हाताऱ्याकोताऱ्यांचा विचार आधी करावा.

पाण्याची टाकी म्हटली की कोल्हापुरात गंगाराम कांबळे आठवतात. महाराजांच्या पागेतल्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या पाठबळाने त्यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले आणि राजा स्वतः तिथे चहा घेऊ लागला. म्हणून टाकी पक्की आहे की नाही, याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे : तिच्यात कोणाला प्रवेश?

मुंबईत इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन 11 ऑक्टोबर 2015 रोजी झाले. तिथली गिरणी गेली. कोल्हापुरात निदान काही भिंती, काही छपरे टिकवता येतील. याच शहरात 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. गिरणीच्या आवारातही खेड्यातून आलेल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका, वाचनालय आणि वसतिगृह झाले, तर ते महाराजांना शोभणारे स्मारक ठरेल.

तेव्हा स्मारकाचे आराखडे मांडले जातील, तेव्हा वस्तीतल्या मंडळांनी, महिलांनी आणि जुन्या कामगारांनी तिथे हजर राहावे. पुतळा किती फूट, हे विचारण्याआधी इमारतीला वीजबिल किती येईल आणि आत आपले मूल बसेल का, एवढे दोन प्रश्न विचारावेत.