बोटांतली तस्बीह

पार्किन्सन झालेल्या माणसाचा अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, जणू चिमटीत मणी धरला आहे. पाश्चात्त्य डॉक्टरांना त्यात औषधाची गोळी वळणारा हात दिसला. आमच्या मोहल्ल्याला तस्बीह दिसली. अब्बांचा उजवा हात मांडीवर निवांत असतानाही हलू लागला, तेव्हा शेजारच्या खाला कौतुकानं म्हणाल्या, "भाईसाब का जिक्र चालू है." कंप वाढला तशी तीच तोंडं नजर, असर, करणी बोलू लागली. तावीज आले, दम केलेलं पाणी आलं. अब्बा पाणी प्यायले, तावीज परत केले. पण मशिदीतली पहिली सफ सोडून ते मागं खांबाआड उभे राहू लागले. हे आम्हा भावंडांना फार लागलं. या हाताचं खरं कारण काय, ते डॉक्टरांना विचारत, मिळेल ते वाचत आम्ही समजून घेतलं.

मेंदूच्या खालच्या भागात काळसर पेशींचा एक पट्टा असतो. हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन तिथं तयार होतं. या आजारात त्या पेशी मरत जातात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लक्षणं लिहून ठेवली. पेशींच्या आतले गोल गोळे मात्र १९१२ साली जर्मनीत फ्रेडरिक लेवी यांना दिसले. (हे लेवी ज्यू. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि त्यांना देश सोडावा लागला. नाव पाहून दार लावण्याची रीत आपल्यालाही अनोळखी नाही.) गोळे कशाचे, हे कळायला १९९७ उजाडलं. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या एका घराण्यात आल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला, आणि त्याच वर्षी मारिया ग्राझिया स्पिलांतिनी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की लेवींचे गोळे याच प्रथिनानं भरलेले असतात.

हे प्रथिन परकं नाही. निरोगी मेंदूतही ते भरपूर असतं, सुताच्या सैल गुंत्यासारखं, ठरावीक आकार नसलेलं. कधीतरी ते चुकीची घडी घेतं, घड्या एकमेकींना चिकटून तंतू होतात, तंतूंच्या गुठळ्या. शिवाय बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूलाही आपल्यासारखं करतो. आम्ही हे अम्मीला सांगत होतो, तर ती मध्येच म्हणाली, "म्हणजे विरजण." याहून नेमका शब्द आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही.

हे विरजण हात हलायच्या कितीतरी आधी लागतं. हाइको ब्राक यांनी २००३ साली मांडलं, की गुठळ्या बहुधा वासाच्या केंद्रात आणि आतड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी सुरू होतात, मग वर चढतात. सगळ्याच रुग्णांत हा क्रम दिसत नाही. पण अब्बा हात थरथरायच्या सात-आठ वर्षं आधीच अत्तरवाल्याशी भांडत असत, "हल्ली खसच्या नावानं पाणी देतोस." कुप्पी आम्ही हुंगली, तर घर भरून वास.

गुठळ्याच पेशी मारतात, की विष एका जागी कोंडून ठेवण्याची ती पेशीची धडपड असते, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काही रुग्णांत, विशेषतः पार्किन नावाच्या जनुकात दोष असेल तर, गोळे बहुधा सापडतच नाहीत. या प्रथिनावर सोडलेल्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निकाल २०२२ साली आले. अपेक्षित फायदा दिसला नाही. लेव्होडोपा डोपामिनची तूट भरून काढते, गुठळी विरघळवत नाही. गोश्तातल्या प्रथिनांशी तिची शोषणात चढाओढ होते, म्हणून अब्बा गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात. जुम्म्याला खुतब्यापर्यंत हात बराच शांत होतो. सध्या ते दुसऱ्या सफीत असतात.

धाकटीच्या स्थळाकडून विचारणा आली, "बीमारी खानदानी तो नहीं?" कोंतुर्सीसारखी घराणी फार थोडी, बहुतेकांत आजार असा थेट वारशानं येत नाही, हे भाईजाननं दोन पानी पत्रात लिहून पाठवलं. अत्तराचीही गोष्ट लिहिली. उत्तराची वाट पाहतो आहोत.