तीन सेकंदांचं पिस्तूल

२५ मीटर पिस्तूल खेळणाऱ्या मुली स्वतःचं हत्यार घ्यायच्या विचारात असल्या की मला हमखास विचारतात, ‘ताई, सगळ्यांत अचूक कोणतं?’ मी त्यांना सांगते की, या प्रश्नाचं उत्तर कारखान्यातच मिळून गेलंय. सामन्यासाठी घडवलेलं कुठलंही चांगलं पॉइंट टू टू सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल व्हाइसमध्ये आवळून, त्याला मानवणारी गोळी घालून चालवलं, तर २५ मीटरवरच्या ५० मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात ते शॉट्स सहज बसवतं. अचूकता सगळ्यांच्याच बॅरलमध्ये असते. आपण शोधायचं ते आपल्या हाताला मानवणारं पिस्तूल.

त्यासाठी आधी सामना नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या टप्प्यात ३० शॉट्स असतात, पाच-पाचच्या मालिका, प्रत्येकीला पाच मिनिटं. इथे श्वास सावरायला, हात खाली घेऊन पुन्हा उचलायला वेळ असतो. दुसऱ्या टप्प्यातही ३० शॉट्सच, पण हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं. सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. त्या तीन सेकंदांत हात वर न्यायचा, साइट्स जुळवायच्या आणि एकच गोळी मारायची. एका मालिकेत असं पाच वेळा. पिस्तूल मात्र दोन्ही टप्प्यांना तेच.

बहुतेक जणी हत्यार पारखतात पहिल्या टप्प्याच्या चालीनं. सावकाश उचलतात, स्थिर धरतात, ‘किती छान थांबतंय’ म्हणतात. पुढे जड असलेलं पिस्तूल थांबतंच. पण तेच वजन तीन सेकंदांत वर नेताना हात उशिरा पोहोचतो, आणि पोहोचला की निशाणाच्या वर निघून जातो. म्हणून माझं ठाम मत आहे की पिस्तूल दुसऱ्या टप्प्यासाठी निवडावं. तीन सेकंदांत जे साथ देतं, ते पाच मिनिटांत अडवत नाही.

पारखायची रीत साधी आहे. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः तपासायचं, रेंजवर फायरिंग लाइनवर उभं राहायचं, तोंड टार्गेटकडेच. हात ४५ अंशांत घ्यायचा, डोळे मिटायचे, हात वर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध, वरच्या कडा समपातळीत दिसल्या, तर मूठ आपली. फ्रंट साइट दर वेळी डावीकडे झुकलेली किंवा खाचेत बुडालेली दिसली, तर तीन सेकंदांतला मौल्यवान वेळ मनगट वळवण्यात जाणार. मनगटानं केलेली ती दुरुस्ती ट्रिगर दाबताना हमखास सुटते.

मुठीचा कोन ठरतो तो पिस्तुलाच्या रचनेवरून. स्वित्झर्लंडच्या हॅमर्ली २०८ मध्ये मॅगझीन मुठीतच बसतं, त्यामुळे मुठीच्या जाडीला आणि कलाला मर्यादा येते. तरी कित्येकांना तिचा तोल अजून प्रिय आहे. वॉल्थर जीएसपी आणि इटलीच्या पार्दिनीत मॅगझीन ट्रिगरच्या पुढे असतं. मूठ मोकळी झाल्यामुळे ती तळव्याच्या आकारानं घडवता येते आणि बॅरल हाताच्या जवळ, खाली बसवता येतं. बॅरल जितकं खाली, तितका धक्का सरळ मागे येतो आणि तोंड कमी उसळतं. जीएसपीचं वजन मात्र पुढे जाणवतं. दंडात ताकद असेल तिला ते आवडतं, सडपातळ मुलीला शेवटच्या मालिकांत जड होतं. नियमानं १४०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, म्हणून तिथवर जायलाच हवं असं नाही.

सेमी-ऑटोमॅटिकचं खरं मोल मुठीतच कळतं. गोळी सुटते त्याच जोरानं बोल्ट मागे जातो, रिकामी केस बाहेर पडते, स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते आणि पुढची गोळी चेंबरमध्ये बसते. पाच शॉट्स पकड न सोडता मारता येतात. पण म्हणूनच पहिली पकड चुकली तर पाचही शॉट्स तिच्याच चुकीनं जातात. अक्रोडाच्या लाकडाची मूठ कानशीनं घासायची, पोकळी राहील तिथे लाकडाची पुट्टी भरायची, तळव्याखालची पट्टी टेकेल इतपतच वर घ्यायची. ही कामं आठवडेच्या आठवडे चालतात आणि चालू द्यावीत. सोव्हिएत रशियाचे मिखाईल मार्गोलिन दृष्टिहीन होते. त्यांनी स्पर्शावर विसंबून टार्गेट पिस्तूल घडवलं आणि ते जगभर खेळलं गेलं. मुठीच्या बाबतीत डोळ्यापेक्षा तळव्याचं ऐकावं, हे त्यांच्या कामाइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

ट्रिगरला किमान १००० ग्रॅमचा नियम आहे. सामन्याआधी वजन लावून तपासतात. पण १००० ग्रॅमचे दोन ट्रिगर सारखे नसतात. ट्रिगर दाबण्याच्या पहिल्या टप्प्यात बराचसा भार उचलून घेतला आणि दुसऱ्यात थोडाच उरला, तर बोट हिरव्या दिव्याबरोबरच काम सुरू करू शकतं. हात वर येत असतानाच पहिला भार घेतला गेला पाहिजे. जो ट्रिगर त्या वेळी मनात धास्ती निर्माण करतो, तो कितीही तलम असला तरी आपला नाही.

या खेळात तीन सेकंदांना किती महत्त्व आलंय, हे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं दाखवून दिलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये सगळ्या मालिका तीन सेकंदांच्याच होत्या आणि १०.२ च्या आत लागलेला शॉटच मोजला जात होता. बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला आणि राही सुवर्णपदक जिंकली. तिथे हात प्रत्येक वेळी त्याच जागी यावा लागतो.

आपल्याकडे शस्त्र परवाना, आयातीची परवानगी यांत महिने जातात. एकदा आलेलं पिस्तूल सहज बदलता येत नाही. म्हणून घाई नको. क्लबची पिस्तुलं आधी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली हाताळा. दोन-तीन जातीच्या गोळ्या घालून कोणती न अडकता चालते ते पाहा. दुसऱ्या कुणाचं पदक पाहून तिचं मॉडेल घेऊ नका. तिचा तळवा तुमचा नाही. आणि कुठल्याही पिस्तुलाचा निकाल पहिल्या मालिकेवर लावू नका. सरावाच्या शेवटी, दंड भरून आलेला असताना तीन सेकंदांच्या मालिका मारा आणि त्यांतले चौथे-पाचवे शॉट्स कुठे गेले ते लिहून ठेवा. त्या वहीत जे पिस्तूल टिकेल, ते घ्या.