वाट पाहण्याचा काळ

वार्षिक परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस किती लांब असतात, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावयास नको. मोजूं गेलें तर ते तीनचार आठवडेच भरतात; पण त्यांतील शेवटचा आठवडा आधींच्या सर्व आठवड्यांहून मोठा वाटतो. घड्याळ तेंच, सूर्य तोच, मग हा फरक कोठून येतो? वर्गांत शिकवितांना हा प्रश्न आम्हीं मुलांच्या चेहऱ्यांवर पुष्कळदां वाचला आहे. परंतु त्याचें उत्तर आम्हांस कोणत्याही ग्रंथांत न मिळतां गाण्यांच्या एका कॅसेटींत मिळालें, आणि तें मिळावयास तेहेतीस वर्षें लागलीं. ती हकीकत आज सांगण्याचें योजिलें आहे.

सन १९८८ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वडिलांनीं एक टेप-रेकॉर्डर विकत आणला. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों व ताई चौदा वर्षांची होती. यंत्राबरोबर दुकानदारानें इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट दिली. तिच्यावर चार माणसांचें चित्र होतें. आणि डावीकडून वाचा कीं उजवीकडून वाचा, अक्षरें तींच, असें एक चमत्कारिक नांव होतें: अ‍ॅबा. इंग्रजी आम्हांस तेव्हां फारसें कळत नसे. ताई यंत्राला कान लावून बसे, ऐकूं आलेले शब्द वहींत उतरून घेई व आम्हांस शिकवी. फीत अडकली म्हणजे ती हलक्या हातानें सोडवून, कॅसेटीच्या दांतेरी भोंकांत पेन्सिल घालून गुंडाळण्याचें काम मात्र आमचें असे.

एके दिवशीं ताईनें जाहीर केलें कीं, हीं माणसें वर्ष-दीड वर्षानें नवी कॅसेट काढतात. पुढची निघेल ती आपण आपल्या पैशांनीं घ्यावयाची. त्या दिवसापासून आमचें वाट पाहणें सुरू झालें. चहाच्या एका रिकाम्या डब्यांत आम्ही दोघें पैसे टाकूं लागलों. दर सुटींत दुकानांत जावें, “नवी आली का?” असें विचारावें, आणि “अजून नाहीं,” हें ऐकून परत यावें, असा क्रम दोन वर्षें चालला. शेवटीं एकदां दुकानाचे वृद्ध मालक गल्ल्यावर बसले होते. ते हंसून म्हणाले, “बाळ, ते लोक गायचे कधींच थांबले. सात-आठ वर्षें झालीं असतील.” घर येईपर्यंत आम्ही दोघें एक शब्द बोललों नाहीं. ज्या गोष्टीची आम्ही वाट पाहत होतों, ती आम्ही वाट पाहूं लागण्यापूर्वींच संपलेली होती!

त्या गृहस्थांचें म्हणणें खरें होतें. स्वीडन देशांतील आग्नेथा, ब्यॉर्न, बेनी व अन्नी-फ्रिद या चौघांच्या नांवांचीं आद्याक्षरें मिळून ‘अ‍ॅबा’ हें नांव झालें होतें. ता. ६ एप्रिल १९७४ रोजीं इंग्लंडांतील ब्रायटन येथें युरोव्हिजन नांवाच्या गीतस्पर्धेंत त्यांनीं पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढें सात-आठ वर्षें त्यांच्या गाण्यांनीं जग दुमदुमून गेलें. हीं चौघें म्हणजे दोन दांपत्यें होतीं. कीर्ति शिखरास पोहोंचली असतांच दोन्ही घरें मोडलीं. एका दांपत्याचा घटस्फोट १९८० सालीं झाला व दुसऱ्याचा १९८१ सालीं. तरीही तीं एकत्र गात राहिलीं. त्यांचा आठवा गीतसंग्रह नोव्हेंबर १९८१ मध्यें निघाला. डिसेंबर १९८२ मध्यें तीं चौघें दूरचित्रवाणीवर एकत्र दिसलीं, आणि तेथून पुढें सामसूम.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ‘आम्ही विभक्त झालों’ असें या मंडळीनें कधींच जाहीर केलें नाहीं. थोडी विश्रांति घ्यावी, एवढेंच तेव्हां ठरलें होतें. कुलूप लावलेलें दार आणि नुसतें लोटून घेतलेलें दार यांत पुष्कळ अंतर आहे. कुलूप दिसलें म्हणजे मनुष्य खिन्न होऊन का होईना, पण आपल्या वाटेस लागतो. लोटलेल्या दाराकडे मात्र तो जातां येतां पाहत राहतो. आंतून कोणी उघडील, अशी आशा त्याला सोडीत नाहीं. जगभरच्या रसिकांची हीच स्थिति झाली. जुन्या गाण्यांचा संग्रह १९९२ सालीं निघाला. १९९९ सालीं त्याच गाण्यांवर रचलेलें एक संगीत नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलें. नव्या पिढीचीं मुलें तीं गाणीं गाऊं लागलीं. पण नवें गाणें एकही नाहीं!

आमच्यापुरतें बोलावयाचें तर, हीं वर्षें कशीं गेलीं तें कळलेंही नाहीं. डब्यांतील पैसे ताईच्या कॉलेजच्या पुस्तकांस लागले. ती परिचारिका झाली, लग्न होऊन नागपुरास गेली. आम्ही पदवी घेऊन या पेशांत शिरलों. वाट पाहणें संपलें नव्हतें, फक्त निजलें होतें. निजलेल्या मुलाचें ओझें जसें खांद्यास संवयीचें होतें, तसें तें झालें होतें.

याच काळांत आणखी एक दार लोटलें गेलें. वडिलांच्या पश्चात् जुनें घर विकावें कीं ठेवावें, यावरून १९१४ सालच्या महायुद्धास शोभेल असें भांडण २०१४ सालीं आम्हां भावंडांत झालें, असें आम्ही थट्टेनें म्हणत असूं. पण त्यांत थट्टेसारखें कांहीं नव्हतें. घर प्रथम मोडलें तें शब्दांनीं, आणि शब्द आमचे होते. “तूं परघरची झालीस, तुला इथलें काय कळणार?” असें आम्ही बोलून गेलों. ताई उठली, तिनें पिशवी उचलली, आणि ती निघून गेली. पुढें सात वर्षें आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं. नातें तोडलें असें कोणीच म्हटलें नाहीं. पहिला शब्द तिनें काढावा म्हणून आम्ही थांबलों होतों, इतकेंच.

असो. ता. २७ एप्रिल २०१८ रोजीं बातमी आली कीं, त्या चौघांनीं पस्तीस वर्षांनंतर एकत्र येऊन दोन नवीं गाणीं गाइलीं आहेत. त्यांतील एक त्याच वर्षीं डिसेंबरांत ऐकावयास मिळेल. येथें आम्हांस आमच्या प्रश्नाचा धागा सांपडला. ज्या प्रतीक्षेनें तीस वर्षें त्रास दिला नव्हता, तिनें आतां दिवसाची झोंप उडविली! डिसेंबर आला, पण गाणें आलें नाहीं. २०१९ गेलें. २०२० सालीं महामारी आली, शाळेचे वर्ग ओस पडले, आणि त्या ओसाड दिवसांतही ‘या वर्षीं येणार’ ही आशा पुढें ढकलली गेली. मागील तीस वर्षांहून हीं तीन वर्षें आम्हांस मोठीं वाटलीं. कारण उघड आहे. ज्या प्रतीक्षेला तारीख नाहीं तिला वजन नाहीं. तारीख मिळाली कीं एकेक दिवस मोजून द्यावा लागतो, आणि मोजून दिलेला पैसा जसा अधिक जड वाटतो तसा मोजून दिलेला दिवसही वाटतो. निकालापूर्वींचा शेवटचा आठवडा लांब होतो तो याचमुळें.

शेवटीं ता. २ सप्टेंबर २०२१ रोजीं रात्रीं तीं दोन गाणीं प्रसिद्ध झालीं. आम्ही दार लावून, दिवा मंद करून ऐकावयास बसलों. खरें सांगावयाचें तर प्रथम वाईट वाटलें. स्वर ओळखीचे होते, पण खालीं उतरले होते. पूर्वीं जो आवाज एका उडींत वर जाई, तो आतां पायऱ्या मोजीत चढत होता. चौघांत सर्वांत धाकटीचें वय ७१ व सर्वांत वडील गृहस्थाचें ७६ झालें होतें. आमच्या मनांत तीं मात्र कॅसेटीवरील चित्राएवढींच राहिलीं होतीं. समोरच्या कपाटाच्या कांचेंत आमचे पिकलेले केंस दिसले, तेव्हां उमज पडला. वाट पाहणारा समजतो कीं, आपण जागच्या जागीं आहों व ज्याची वाट पाहतों तोही जेथें दिसेनासा झाला तेथेंच उभा आहे. वास्तविक दोघेही चालत असतात. फक्त एकमेकांस न दिसतां. दुसऱ्यांदा ऐकलें तेव्हां तो उतरलेला स्वरच आम्हांस अधिक जवळचा वाटला.

त्या रात्रीं फोनवर ताईचा क्रमांक काढून आम्ही बराच वेळ पाहत होतों. पण लाविला नाहीं.

पुढें ता. ५ नोव्हेंबर २०२१ रोजीं दहा गाण्यांचा सबंध संग्रह बाहेर पडला. त्याचें नांव ‘व्हॉयेज’, म्हणजे प्रवास. त्यांत एक गाणें असें आहे कीं, तें १९७८ सालीं गाऊन बाजूस ठेवलेलें होतें. आवाज त्या वेळचेच राखून बेनी यांनीं त्यास नव्यानें साथ दिली. म्हणजे त्रेचाळीस वर्षांपूर्वींचा तरुण स्वर आणि आजचा वृद्ध हात एकाच गाण्यांत शेजारीं शेजारीं बसले! हा संग्रह मुळांत कसा निघाला तेंही वाचण्यांत आलें. त्या चौघांच्या तरुणपणच्या आकृति यंत्राच्या साह्यानें रंगमंचावर उभ्या कराव्या, अशी एक योजना होती. तो कार्यक्रम पुढें २७ मे २०२२ रोजीं लंडन येथें सुरू झाला. त्यासाठीं एखाददुसरें नवें गाणें असावें, म्हणून हीं मंडळी स्टॉकहोम येथें ध्वनिमुद्रणाच्या खोलींत जमलीं, आणि दोनाचीं दहा गाणीं झालीं. ज्यांचे संसार मोडले होते, त्याच दोन पुरुषांनीं गाणीं रचलीं व त्याच दोन स्त्रियांनीं तीं गाइलीं. चाळीस वर्षें साऱ्या जगानें त्यांची वाट पाहिली होती. पण जगाच्या वाट पाहण्यानें गाणें झालें नाहीं. तीं चौघें आपापल्या घरांतून निघून एका खोलींत आलीं, तेव्हां तें झालें.

हें वाचून झालें तो ६ नोव्हेंबरचा दिवस होता. आमच्या घरीं तो सण नसतो. पण शेजारीं भाऊबीज होती, आणि लांबच्या गांवाहून आलेल्या भावास ओंवाळतांना त्यांची मुलगी हंसत होती, तें आमच्या खिडकींतून ऐकूं येत होतें. आम्ही कागद घेतला आणि तीनच ओळी लिहिल्या: शब्द माझे होते, चूक माझी होती, आणि नवी कॅसेट आली आहे. पत्र टपालांत टाकलें.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं फोन आला. ताईनें नमस्कार केला नाहीं, कीं खुशाली विचारली नाहीं. ती म्हणाली, “दोन सप्टेंबरलाच मीं तीं गाणीं ऐकलीं. तुझा फोन येईल असें वाटलें होतें. रात्रीं बारापर्यंत जागी होतें.” आम्हीही त्या रात्रीं बारापर्यंत जागे होतों, हें तिला सांगावयास आमच्या तोंडून लवकर शब्द फुटेना.

त्या नाताळांत ताई घरीं आली. तिच्या पिशवींत ती जुनी वही होती. तिच्यांत उतरून घेतलेले इंग्रजी शब्द निम्म्याहून अधिक चुकीचे निघाले, आणि आम्ही दोघें पोट दुखेपर्यंत हंसलों. टेप-रेकॉर्डर आतां चालत नाहीं, तरी कॅसेटींतील सैल पडलेली फीत आम्हीं पेन्सिलीनें गुंडाळून ठेविली. सात वर्षें क्षणांत परत आलीं, असें लिहिणें सुंदर दिसलें असतें. पण तें खरें नव्हे. तीं गेलीं तीं गेलींच. ताईचे गुडघे दुखूं लागले होते तें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि आमच्या धाकट्या मुलीनें आपल्या आत्यास प्रथमच पाहिलें.

विद्यार्थिमित्रहो, आपली भाषा मोठी शहाणी आहे. ती ‘वाट पाहणें’ असें म्हणते. म्हणजे येणाऱ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसणें. परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागते, पावसाची पाहावी लागते. तेथें दुसरा इलाज नाहीं, व तो काळ दुसऱ्या कांहीं कामानें भरून काढावा हेंच बरें. पण वाट ही पाहण्यासाठींच असते असें नाहीं; तिच्यावरून चालतांही येतें. तुमचा एखादा मित्र, एखादें भावंड, एखादा रुसलेला शेजारी याची वाट पाहत तुम्ही बसलां असाल, तर एकदां उठून तें लोटलेलें दार उघडून पाहा. पलीकडेही कोणी तसेंच जागत बसलेलें असण्याचा पुष्कळ संभव असतो.